साडेतीन लिटर जास्त

खाली लावलेला ट्रे काठोकाठ भरला तरी ऑइलची धार थांबेना, तेव्हा सगळ्यांच्या आधी दादा गप्प झाला.

तोवर तो बोलतच होता. सकाळी गॅरेजचं शटर वर जाता जाताच त्याने मिस्त्रीला बजावलं होतं, "गिअरबॉक्स उघडायचा तो आम्हा सगळ्यांसमोर. मागाहून कुणी म्हणायला नको, की मी तुम्हाला पढवून ठेवलं होतं." मग बारक्याकडे न बघता, पण बारक्याला नीट ऐकू जाईल अशा बेताने, "आत ऑइलचा टिपूस सापडला तर मी नाव बदलीन."

"कोणतं ठेवणार?" बारक्याने विचारलं होतं. "आधीच सांग, म्हणजे हाक मारायला बरं."

कुणी हसलं नव्हतं. आता अण्णांची ती मोठी राखाडी गाडी दोन लोखंडी खांबांच्या मध्ये माणसाच्या डोक्यावर टांगलेली होती, तिच्या पोटातून तांबूस-काळी धार पडत होती, आणि नावाची आठवण करून देण्याचं भान बारक्यालाही उरलं नव्हतं.

"थांबा, थांबा," मिस्त्री स्वतःशीच म्हणाला. त्याने पायाने एक बादली ओढली आणि ट्रे बाजूला सारून ती धारेखाली धरली. जाडजूड, हळू बोलणारा माणूस. आयुष्यभर गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नाही, असं त्याच्याबद्दल सांगत. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य शोभत नव्हतं, म्हणून ते जास्तच दिसत होतं.

मधली आईच्या खुर्चीमागे उभी होती. तिला धार बघवत नव्हती आणि नजरही काढवत नव्हती.

अण्णा गेल्याला बावीस दिवस झाले होते. उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. इंजिन चालू, पाय दाबला की नुसती गुरगुर, पण चाकं हलेनात. अण्णांनी हँडब्रेक ओढला, डिकीतला लाल त्रिकोण काढला, नियमाप्रमाणे चाळीस पावलं मागे जाऊन ठेवला, आणि चढ चढून परत येताना कठड्याला टेकून खाली बसले. बसलेले एका ट्रकवाल्याला दिसले. तो थांबला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं.

दादाला ते पुरलं नाही. तो पाणीखात्यात निरीक्षक. पंचवीस वर्षं त्याने फुटलेल्या पाइपांचे अहवाल लिहिले होते, आणि प्रत्येक फुटलेल्या पाइपामागे एक माणूस असतो, हे त्याचं ठाम मत होतं. "हृदय बंद पडायच्या आधी काय बंद पडलं, ते मला कळलं पाहिजे," तो म्हणाला. माणूस त्याने आधीच ठरवून ठेवला होता. अण्णांचा डावा गुडघा क्लच दाबायला कुरकुर करायला लागला, तेव्हा ही वापरलेली ऑटोमॅटिक गाडी बारक्याने शोधून आणली होती. "तिची देखभाल माझ्याकडे लागली," असं चारचौघांत म्हणालाही होता. आईच्या कमरेच्या ऑपरेशनच्या वेळी भावंडांत जे बोलणं झालं, त्यानंतर गेली दोन वर्षं तिघं एकमेकांच्या घरी जात नव्हती. तेव्हा कुणी कशाची देखभाल केली, हे कुणालाच माहीत नव्हतं. आई आता दादाकडे राहायला आली होती. आणि दादाने गेल्या आठवड्यात सर्वांसमोर सांगून टाकलं होतं, की गिअरबॉक्स कोरडा निघाला तर बारक्याने आपल्या घराची पायरी चढायची नाही.

"म्हणजे आईला भेटायचं नाही," मधली म्हणाली होती.

"तसा अर्थ होत असेल तर तसा," दादा म्हणाला होता. आणि बारक्या, ज्याला कुठल्याही पैजेवर उडी घेतल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणाला होता, "कोरडा निघाला तर मी स्वतःहूनच तोंड दाखवणार नाही."

मधली इस्पितळात एक्स-रे काढते. हाड मोडलेलं पहिल्यांदा तिला दिसतं, पण ते सांगायचं डॉक्टरांनी, असा नियम असतो. वीस वर्षांत तिचा चेहरा मुका झाला होता. त्याच चेहऱ्याने ती आज इथे आली होती, कारण गिअरबॉक्स कोरडा निघणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी तिने स्वतःच्या हाताने त्यात एक लिटर ऑइल ओतलं होतं. उघडू दे, तिने ठरवलं होतं. दादाला ओलं दिसू दे. मग सांगू.

पण हे एक लिटर नव्हतं.

धारेचे थेंब झाले. मिस्त्रीने मापाचं भांडं घेतलं आणि ट्रेमधलं, बादलीतलं सगळं मोजून एका ड्रममध्ये ओतलं. तो मनातल्या मनात मोजत होता, पण ओठ हलत होते, त्यामुळे सगळेच मोजत होते.

"आठ," तो म्हणाला.

"किती निघायला हवं होतं?" वहिनीने विचारलं. दादाची बायको. तिला इथे यायचंच नव्हतं. सकाळपासून ती पदराच्या टोकाशी खेळत दाराजवळच उभी होती.

"खालच्या बोल्टमधून साडेचार. बाकीचं आतल्या आत अडकून राहतं, ते असं निघत नाही."

"म्हणजे कमी नव्हतंच?"

"कमी?" मिस्त्रीने हात पुसले. "बाई, ह्या गिअरबॉक्सला बुडवून मारलंय कुणीतरी."

शब्द बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की समोर कोण बसलंय. त्याने नजर खाली घेतली. आई हलली नाही. काठी दोन गुडघ्यांत धरून ती गाडीच्या पोटाकडे बघत होती, जशी ती एखाद्या परक्या बाईच्या घरात वरच्या फळीकडे बघत असावी.

"जास्त ऑइलने काय बिघडतं?" दादाने विचारलं. आवाज निरीक्षकाचा होता, पण त्यातली हवा गेली होती. "जास्त असलेलं बरंच ना?"

"साबणाचं पाणी घुसळलं की काय होतं? फेस. आतले गिअर जास्तीच्या ऑइलमध्ये बुडाले की ते घुसळतात. फेस पंपात गेला की ऑइलचा दाब उतरतो. दाब उतरला की क्लच प्लेटा धरत नाहीत. गाडी थंड असेपर्यंत सपाटीवर भागतं. तापली, आणि वर चढ लागला, की..." त्याने हाताचा पंजा उघडून दाखवला. रिकामा.

मधली आईच्या खुर्चीमागून पुढे आली.

"मी घातलं होतं," मधली म्हणाली. "एक लिटर."

"तू?" बारक्या गर्रकन वळला. "ताई, तू?"

"दोन महिन्यांपूर्वी. रविवारी सकाळी."

"तू गाडीला हात लावलास?" दादा म्हणाला. "तुला विचारलं कुणी?"

"अण्णांनी. फोन करून. म्हणाले गिअर झटका देतो, खाली थेंब पडतात, आणि त्या दोघांना तर बघायला वेळ नाही. त्यांना सांगू नकोस, म्हणाले. उगाच म्हणतील बोलून दाखवतोय."

हे सांगताना तिला ती सकाळ लख्ख दिसली. बॉनेट उघडलेलं. अण्णांच्या खांद्यावर फडकं. दोघांनी बंपरवर कप ठेवून चहा घेतला, आणि अण्णा तिला टँकरच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत बसले होते, दोन तास, मधे एकदाही घड्याळाकडे न बघता. अण्णांनी तिला इतका वेळ दिल्याचं तिला आठवत नव्हतं. ती सकाळ तिने कुणाला सांगितली नव्हती ती अण्णांनी बजावलं म्हणून नव्हे. ती तिची एकटीची होती म्हणून.

बारक्याने खिशातून हात काढले आणि परत घातले.

"बंपरवर चहा?" त्याने विचारलं.

मधलीने त्याच्याकडे पाहिलं.

"मलाही," तो म्हणाला. "पाच आठवड्यांपूर्वी. हेच. अगदी हेच, ताई. 'ते दोघं ढुंकून बघत नाहीत, तू तरी ये.' मी एक लिटर घातलं. मला वाटलं मी एकटाच येतो. घरी जाताना मी गाणं म्हणत गेलो, मूर्खासारखा."

"अहो," वहिनी दारातून म्हणाली. एवढंच.

दादाने भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे बघत सांगितलं, "तीन महिन्यांपूर्वी. एक लिटर."

"वा!" बारक्या हसला, ते हसणं ऐकवत नव्हतं. "आणि टिपूस सापडला तर नाव बदलणार होतास?"

"मला वाटलं ते गळून गेलं असेल! तीन महिने झाले. मी घातलं ते गळून गेलं आणि तू पुढे बघितलं नाहीस. मी हेच धरून चाललो होतो."

"गळतच होतं ते," मिस्त्री मध्ये पडला. "जास्त झालं की वरच्या हवेच्या नळीतून थेंब थेंब बाहेर टाकतो हा. तुम्ही घालत होता म्हणून गळत होतं, आणि गळतंय म्हणून तुम्ही घालत होता. झटक्याचं म्हणाल तर ऑइल म्हातारं झालं होतं. ते काढून नवीन भरायचं होतं. वर ओतायचं नव्हतं." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण मला एक सांगा. कमी आहे हे तुम्ही बघितलं कशाने?"

"पट्टीने," दादा, मधली आणि बारक्या एकदम म्हणाले.

दोन वर्षांत तिघांच्या तोंडून एकदम निघालेला हा पहिला शब्द असावा.

"ह्या गिअरबॉक्सला पट्टी नसते. कंपनी नळी देते, वर झाकण देते, पण पट्टी देत नाही. ती आमच्याकडे असते."

बारक्या गाडीजवळ गेला, हात वर करून चालकाचं दार उघडलं आणि दाराच्या कप्प्यातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून आणली. हातभर लांबीची पोलादी पट्टी. वरच्या टोकाला कडी, खालच्या बाजूला कानशीने घासून केलेली एक आडवी खूण.

ती पट्टी कुणाला ओळखायची गरज नव्हती. एकतीस वर्षं अण्णांनी पाण्याचा टँकर चालवला आणि निवृत्तीच्या दिवशी त्याच्या गिअरबॉक्सची पट्टी साहेबांना विचारून घरी आणली. तिन्ही मुलं वाचायला शाळेत शिकली त्याच्या आधी ती पट्टी वाचायला शिकली होती. अण्णांना जवळचं दिसत नसे, आणि घराबाहेर चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यामुळे जो कोणी शेजारी असेल त्याला टँकरच्या पायरीवर उभं करून ते पट्टी पुसत, बुडवत, त्याच्या नाकासमोर धरत आणि विचारत, "बघ, कुठे आलंय?" खुणेच्या खाली असलं तर एका वेळी एकच लिटर. मग आठवडाभर चालवून पुन्हा बघायचं. या घरात यावर कधी वाद झाला नव्हता.

"ही त्यांनी कापून घेतली ह्या गाडीसाठी," बारक्या म्हणाला. "खूणही नव्याने केली. मी होतो तिथे."

मिस्त्रीने गाडी खाली उतरवली, बॉनेट उघडलं आणि पट्टी नळीत घातली. ती सुळकन गेली आणि टक्‌ असा आवाज करून थांबली. तो आवाज मधलीला पाठ होता. तळ आला, म्हणायचे अण्णा. मिस्त्रीने कडीपाशी अंगठा धरून पट्टी बाहेर काढली आणि ती नळीच्या बाहेरून, तेवढ्याच खोलीवर धरून दाखवली.

पट्टीचं टोक गिअरबॉक्सच्या तळापासून वीतभर वर, अधांतरी राहिलं होतं.

"नळीला इथे वळण आहे," मिस्त्री म्हणाला. "आमची पट्टी वाकते, पुढे जाते. ही सरळ आहे. वळणावर अडते. ह्या पट्टीला ऑइल लागायचं तर गिअरबॉक्स गळ्यापर्यंत भरायला पाहिजे."

मधलीने पट्टी हातात घेतली. पोलाद थंड होतं. तिने त्या रविवारी पट्टी नाकासमोर धरून अगदी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "अण्णा, नुसतं टोक ओलं आहे." ते खरंच ओलं होतं. तिने अक्षरही चुकीचं वाचलं नव्हतं. दादाने वाचलं असेल, "कोरडी आहे." बारक्याने, "बोटभर." तिघांनीही बरोबर वाचलं होतं.

"पण एकमेकांशी एक शब्द जरी बोलला असता..." वहिनी पुटपुटली.

"त्यांनीच सांगू नका म्हटलं ना!" दादा तिच्यावर ओरडला. मग आईकडे वळला. "आई, तुला माहीत होतं? की आम्ही तिघंही..."

"होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "एकजण येऊन गेला की हे थांबायचे. दोन-चार आठवडे. मग म्हणायचे, आता मधलीला करतो, आता बारक्याला. फोन करायच्या आधी काय बोलायचं ते मला म्हणून दाखवायचे. मी विचारलं एकदा, सरळ या म्हणून का सांगत नाही? तर म्हणाले, सरळ बोलावलं की फोनवरच आटपतात. गाडीसाठी येतात." ती थांबली. "येत होतात की नाही? दुसऱ्या कशाला आला असतात?"

बारक्या टायरवर बसला आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा घासू लागला. मधलीच्या मनात पहिल्यांदा आली ती असूया. तिला स्वतःचीच लाज वाटली. माझा रविवार. त्यांनी तो तिघांना वाटून दिला होता.

मिस्त्री हात धुवायला निघाला होता. पण जाता जाता त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "एक मात्र कळत नाही. ही गाडी शेवटचे काही आठवडे तापल्यावर घसरत असणार. एकतीस वर्षांच्या ड्रायव्हरला ते कळल्याशिवाय राहत नाही. अशी गाडी घेऊन ते एवढ्या लांब, चढावर, निघाले कुठे?"

बावीस दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उड्डाणपुलावर काय झालं ते सर्वांनी शंभर वेळा बोलून घेतलं होतं. पण उड्डाणपुलाच्या पलीकडे काय होतं, ते कुणी बोललं नव्हतं. पलीकडे दादाचं घर होतं.

मधलीने दादाकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी आरशात बघून त्याने स्वतःच्या चेहऱ्यावर ताबा मिळवला होता, पण कान त्याला कधी जमले नाहीत.

"सांगा," वहिनी म्हणाली.

"तू गप्प बस."

"बावीस दिवस गप्प बसले. मला झोप नाही, तुम्हाला झोप नाही. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

दादाने चष्मा काढला. तो घालून काही बोलणं त्याला जमणार नव्हतं बहुतेक. "आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला. माझी पाळी होती, हे आता कळतंय. म्हणाले, पुन्हा झटके देतेय, ये. मी म्हटलं, मला अजिबात वेळ नाही. म्हटलं, अण्णा, तुम्हीच घेऊन या ना इकडे. इथे जवळ एक चांगलं वर्कशॉप आहे." त्याचा आवाज फाटला. "खूश झाले. म्हणाले, तुझ्याकडे येऊ? मग जेवायलाच थांबतो."

आईने डोळे मिटले.

बारक्या टायरवरून उठला. तो शटरपर्यंत गेला, बाहेर उन्हात काही क्षण उभा राहिला, परत आला आणि दादाच्या अगदी समोर येऊन थांबला. मधली दोघांच्या मध्ये जायला निघाली, पण वहिनीने तिचा दंड धरला.

"तुला माहीत होतं," बारक्या म्हणाला.

"हो."

"आणि बावीस दिवस तू मला..."

"हो."

"आईसमोर."

"हो. म्हणूनच," दादा म्हणाला. "कोरडा निघायलाच हवा होता तो. कळतंय का तुला? तुझ्यामुळे झालं असतं तर माझ्यामुळे नसतं झालं."

बारक्याची मूठ वळली होती. तो फ्रीज आणि एसी दुरुस्त करतो. त्याचे हात दादाच्या हातांच्या दुप्पट होते, आणि हे त्या क्षणी दोघांनाही माहीत होतं. दादा मागे सरला नाही. मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

"उद्यापासून मी आईला भेटायला येणार," बारक्या म्हणाला. "रोज. आणि तू घरी असशील तेव्हाच येणार. माझं तोंड बघायचं तुला. रोज."

"ये," दादा म्हणाला.

"जेवायच्या वेळीच या," वहिनी म्हणाली. "म्हणजे शिक्षा पुरी होईल ह्यांची. माझ्या हातचं आणि तुमच्या तोंडचं, दोन्ही एकदम." आणि ती रडायला लागली, बावीस दिवसांत पहिल्यांदा. मधलीने तिला जवळ घेतलं.

मिस्त्रीने मध्यंतरी टेबलावरून कामाचा कागद आणला होता. कशामुळे बिघडलं, हे तिथे लिहावं लागतं. तो पेन हातात धरून घुटमळत होता. दादाने ते त्याच्या हातून घेतलं. अहवाल समोर असला की दादाचा हात थांबत नाही. मधलीला वाटलं, बुडणारा माणूस फळी धरतो तसं त्याने पेन धरलंय.

"जास्तीचं ऑइल," तो लिहिता लिहिता म्हणाला. "मी, एक लिटर. मधली, एक. बारक्या, एक. तीन."

"साडेतीन," मिस्त्री म्हणाला. "आठ निघालं ना."

"अर्ध्याने काय होतंय," वहिनी डोळे पुसत म्हणाली.

"तसं नाही बाई. तीन जास्त होतं तरी दोन आठवडे तो ओढत होताच की. गेला तो त्या शेवटच्या अर्ध्याने. ते कुणी घातलं असेल ते अगदी अलीकडचं आहे. त्याच दोन-चार दिवसांतलं."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो गिअरबॉक्सबद्दल बोलत होता.

पण मधलीची नजर आईकडे गेली, आणि एक्स-रेच्या काचेवर जसं दिसतं तसं तिला दिसलं: कुणी बोट न ठेवता, एका बारीक रेघेत, सगळं. एवढ्या लांब निघायचं म्हटल्यावर अण्णा गाडी बघितल्याशिवाय निघणार नाहीत. पट्टी त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती. आणि त्या सकाळी घरात दुसरं एकच माणूस होतं.

आईची बोटं काठीवर पांढरी पडली होती. तिचे ओठ सुटले.

"त्या दिवशी सकाळी," ती म्हणाली, "ह्यांनी ओतता ओतता मला हाक मारली. मी बघून म्हटलं, खुणेला आलंय. अगदी खुणेवर..."

"ते अर्धं माझं," मधली म्हणाली.

दादाने वर पाहिलं. "तू मघाशी एक म्हणालीस."

"दीड. चुकून एक म्हणाले."

"पण हे म्हणतायत अलीकडचं..."

"त्यांना काय कळतं तारखेचं? ऑइलवर तारीख लिहिलेली असते का? दीड घातलं होतं मी, दादा. मी घातलं, मला माहीत."

तिचा चेहरा मुका होता. आवाजही. फक्त ती नको तितक्या वेळा बोलली होती.

बारक्याने भिंतीकडे पाहिलं. गाडीच्या डिकीतलं सामान मिस्त्रीने काढून एका खोक्यात ठेवलं होतं: जॅक, दोरी, जुनी चादर, आणि ऑइलची निळ्या झाकणाची अर्धी बाटली. तसल्या दोन बाटल्या पाच आठवड्यांपूर्वी त्यानेच आणल्या होत्या. एक ओतली होती. दुसरी सील न फोडता डिकीत ठेवून आला होता. त्याने बाटलीकडे पाहिलं, मधलीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग तो सावकाश खोक्याजवळ गेला, चादर उचलली, झटकली आणि बाटलीवर टाकली.

"दीडच," तो म्हणाला. "मला अण्णा म्हणाले होते. ताईने दीड घातलं म्हणून."

अण्णांनी एकाचं दुसऱ्याला काही सांगितलं नव्हतं. तोच तर सगळा घोळ होता, आणि ते कळून अजून अर्धा तासही झाला नव्हता. बारक्याला याहून वाईट खोटं सुचलं नसतं. दादाचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. पंचवीस वर्षं लोक त्याच्यासमोर उभं राहून असंच काहीबाही सांगत आले होते, आणि त्याने एकालाही सोडलं नव्हतं.

त्याने मधलीकडे पाहिलं. मग बारक्याकडे. मग, खूप वेळ, आईच्या हातांकडे.

त्याने एक खोडलं आणि वर दीड लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, सुबक. खाली बेरीज केली. साडेतीन. जमत होतं.

आईचं तोंड अजून उघडंच होतं. "अरे, पण मी..."

"आई," दादा कागदावरून मान वर न करता म्हणाला, "तू काही बोलू नकोस."

खाली त्याने सही केली, आणि पेन बारक्याकडे दिलं.